मुंबई ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासकाल

मुंबई व लंडन यांमधील हवाई अंतर किती, आणि ते तोडण्यास विमानास किती वेळ लागतो, हे दोन प्रश्न सामान्यतः एकाच दमात विचारले जातात. पहिल्याचे उत्तर हाती आले म्हणजे त्यास विमानाच्या वेगाने भागावे व दुसऱ्याचे उत्तर मिळवावे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः हे दोन प्रश्न दोन निरनिराळ्या शास्त्रांच्या कक्षेतील होत. पहिला शुद्ध भूमितीचा आहे व त्याचे उत्तर बदलत नाही. दुसऱ्याच्या उत्तरात वारा, यंत्र व विमानतळ यांचा वाटा असतोच. परंतु मार्गात लागणाऱ्या राज्यांची अनुमती हा त्यातील असा घटक आहे की, ज्याचा अंदाज कोणत्याही सूत्राने बांधता येत नाही. मुंबई-लंडन हा मार्ग या दृष्टीने फार बोधप्रद आहे, कारण या दोन नगरांना जोडणारी लघुतम रेषा गेल्या काही वर्षांत जवळजवळ तिच्या प्रत्येक टप्प्यावर कधी ना कधी खंडित झालेली आहे.

प्रथम भूमितीचा भाग. गोलाच्या पृष्ठावरील दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग म्हणजे त्या बिंदूंतून व गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठावर आखलेल्या महावृत्ताचा लहान कंस होय. मुंबईचा विमानतळ सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांश व ७२.९ अंश पूर्व रेखांश यांवर आहे. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.५ अंश उत्तर व ०.५ अंश पश्चिम येथे. दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार घ्यावा. त्यांच्या कोटिज्यांच्या गुणाकारास रेखांशांतील फरकाच्या कोटिज्येने गुणावे. आणि या दोहोंची बेरीज करावी. ती ०.४२५ इतकी येते. ही ज्या कोनाची कोटिज्या आहे तो कोन, म्हणजे ६४.९ अंश, पृथ्वीच्या केंद्राशी या दोन नगरांनी केलेला कोन होय. महावृत्तावरील एक अंश १११.२ किलोमीटरांचा धरल्यास अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर ठरते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने अशा गणितात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक संभवते. प्रस्तुत विवेचनास तिने बाध येत नाही.

अंतराहून दिशा अधिक विस्मयकारक आहे. मुंबई लंडनच्या आग्नेयेस आहे हे भिंतीवरील कोणताही नकाशा दाखवितो. दोहोंच्या अक्षांशांत ३२ अंशांहून अधिक अंतर आहे. तथापि लंडनहून मुंबईकडे लघुतम मार्गाने जावयाचे तर आरंभीची दिशा आग्नेय नव्हे, तर जवळजवळ नेमकी पूर्व येते. गणिताने ती उत्तरेपासून ९०.५ अंश निघते. तेथून मार्ग हळूहळू दक्षिणेकडे वळत जातो. उलट मुंबईहून निघताना विमानाचे तोंड वायव्येस, उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ४१ अंश असावयास हवे. सन १५६९ मध्ये मर्केटरने तयार केलेल्या नकाशाप्रमाणे आखलेल्या पटावर या दोन नगरांमध्ये सरळ रेघ ओढली तर तिच्यावरील प्रवासात होकायंत्राची दिशा प्रथमपासून अखेरपर्यंत एकच राहते. नाविकास ही मोठी सोय होती. परंतु ती रेघ ७,४१० किलोमीटरांची, म्हणजे महावृत्ताहून २०० किलोमीटरांनी लांब आहे. नकाशावर जी सरळ तीच जमिनीवर जवळची, हा भ्रम सुशिक्षितांतही आढळतो आणि त्याचे मूळ या एकाच नकाशात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता ही लघुतम रेषा कोणत्या भूमीवरून जाते ते पाहणे उपयुक्त होईल. मुंबई सोडल्यावर ती खंबायतच्या आखाताच्या मुखावरून सौराष्ट्रात शिरते, कच्छचे आखात ओलांडते व कराचीच्या अगदी निकटून, नगरापासून पंचवीस किलोमीटरांच्या आत, पलीकडे जाते. पुढे बलुचिस्तान, मग पूर्व इराणचे वैराण पठार व दश्त-ए-कवीर हे मिठाचे वाळवंट. तेहरान डावीकडे ठेवून ती कास्पियन समुद्राच्या दक्षिण टोकावरून काराबाखच्या लगत अझरबैजान व आर्मेनिया यांच्या सीमाप्रदेशात येते. कॉकेशस पर्वत ओलांडला की सोची येथे काळ्या समुद्राचा किनारा लागतो. तेथून क्रिमियाचे पूर्व टोक, ओडेसाच्या किंचित उत्तरेकडील दक्षिण युक्रेन, कार्पेथियन पर्वताची उत्तर बाजू, पोलंड व चेक प्रदेश यांची सीमा, मध्य जर्मनी, कोलोन व अँटवर्प यांचा परिसर, आणि अखेरीस उत्तर समुद्राची अरुंद पट्टी ओलांडून लंडन. ही नावे ओळीने वाचताना वर्तमानपत्राचे परराष्ट्रीय वार्तांचे पान वाचत असल्याचा भास होतो. त्याचा विचार पुढे येईल; तत्पूर्वी वेगाचा व वाऱ्याचा हिशेब उरकणे इष्ट.

आजची मोठी प्रवासी विमाने अकरा-बारा किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडतात. त्या उंचीवर हवेचे तपमान शून्याखाली सुमारे ५६ अंश असल्याने ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. यास्तव विमानाचा वायुसापेक्ष वेग ताशी ९०० किलोमीटरांच्या आसपास येतो. हा वेग १९६० मध्ये एअर-इंडियाने लंडनच्या मार्गावर बोइंग ७०७ विमाने आणली तेव्हाही जवळजवळ एवढाच होता. ध्वनिवेगाच्या निकट हवेचा विरोध एकाएकी वाढू लागतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. यंत्रांनी त्यानंतर इंधनात व पल्ल्यात फार प्रगती केली, वेगात केली नाही.

७,२०० किलोमीटरांस ९०० ने भागिले असता आठ तास येतात. वेळापत्रकात मात्र मुंबईहून लंडनला साधारणतः नऊ ते दहा तास आणि परतीस त्याहून सुमारे एक तास कमी असा काळ आढळतो. या फरकाचे कारण पृथ्वीचे परिवलन होय, असे उत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पुष्कळदा वाचावयास मिळते. ते सर्वथैव चुकीचे आहे. परिवलनामुळे मुंबईचा भूभाग ताशी सुमारे १,५८० व लंडनचा सुमारे १,०४० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जातो हे खरे. परंतु त्यावरील वातावरणही त्याच्यासह फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते. पृथ्वी खालून सरकून विमानास साहाय्य करीत असती, तर ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास पूर्वेकडे निघून मुंबई गाठणे शक्यच झाले नसते. विमानास उपकारक अथवा अपकारक होतो तो वारा, म्हणजे पृथ्वीच्या तुलनेने होणारी हवेची हालचाल. समशीतोष्ण कटिबंधात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान जेट प्रवाह असतात व हिवाळ्यात ते अधिक दक्षिणेस सरकून इराण व उत्तर हिंदुस्थान यांवर येतात. पावसाळ्यात द्वीपकल्पावर फार उंचीवर उलट, म्हणजे पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह वाहतो. त्याचे वर्णन भारतीय हवामानखात्यातील पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले होते. मुंबई-लंडन मार्गाचा फारच थोडा भाग त्याच्या कक्षेत येत असल्याने प्रवासकालावर त्याचा परिणाम अल्प असतो.

येथे एक लहानसा गणिती मुद्दा सांगण्याजोगा आहे. जाताना वाऱ्याने जे गमावले ते येताना भरून निघते, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण ते खरे नाही. वारा ताशी १०० किलोमीटर व तो मार्गाच्या रेषेतच आहे असे धरले, तर लंडनकडे जाताना भूसापेक्ष वेग ८०० होऊन नऊ तास लागतील; येताना तो १,००० होऊन सात तास बारा मिनिटे लागतील. बेरीज सोळा तास बारा मिनिटे. वारा मुळीच नसता तर ती सोळा तासच झाली असती. स्थिर वारा जाण्यायेण्याच्या एकत्रित प्रवासास नेहमी हानिकारकच असतो, कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक काळ राहते व अनुकूल वाऱ्यात कमी. शिवाय वेळापत्रकातील काळ म्हणजे केवळ उड्डाणाचा काळ नव्हे. विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटावर स्थिर होईपर्यंतचा काळ त्यात मोजला जातो. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात व दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्र उपयोग करता येत नाही. हीथ्रोवर उतरू पाहणारी विमाने गर्दीच्या वेळी ठरावीक ठिकाणी घिरट्या घालीत ठेवली जातात. या सर्वांची तरतूद वेळापत्रक करणारा आधीच करून ठेवतो.

घड्याळांतील फरकाचा गोंधळ सोडविण्याची एक सोपी रीत आहे. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी दोन वाजता निघून लंडनला तेथील घड्याळाप्रमाणे सायंकाळी सहा वाजता पोहोचले. आणि दुसरे लंडनहून सकाळी दहा वाजता निघून मुंबईस मध्यरात्री बारा वाजता आले. घड्याळांनुसार पहिल्यास चार तास लागले व दुसऱ्यास चौदा. या दोहोंची सरासरी घेतली की स्थानिक वेळांतील फरक आपोआप उडून जातो व सरासरी प्रवासकाल नऊ तास मिळतो. उलट वजाबाकीच्या निम्मे केले तर वेळांतील फरक मिळावा. तो येतो पाच तास, आणि प्रत्यक्षात भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचहून साडेपाच तास पुढे आहे. हा हरवलेला अर्धा तास वाऱ्याचा होय. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ व येताना साडेआठ तास लागले आहेत.

या मार्गाचा इतिहास पाहिला असता प्रवासकाल ठरविण्यात राज्यसत्तेचा हात प्रथमपासूनच होता असे दिसून येते. मार्च १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडन-कराची हा मार्ग सुरू केला. क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढे अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान, आणि ईजिप्तहून बगदाद, बसरा व इराणच्या किनाऱ्यावरून कराचीपर्यंत पुन्हा विमान, असा तो सात दिवसांचा प्रवास होता. पुढे १९३२ मध्ये इराणी किनाऱ्यावरून उडण्याची सवलत संपुष्टात आली व कंपनीस आपला मार्ग आखाताच्या अरबी बाजूस, शारजावरून न्यावा लागला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे विमान उतरविले. लंडनची टपाल येथपर्यंत हवेतून येऊ लागली ती अशी. हा शेवटचा टप्पा महावृत्ताच्या फारसा बाहेर नव्हता, ही गोष्ट नकाशावर सहज पडताळता येईल.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवाशांसह मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. या थांब्यांवरून मोजलेले अंतर सुमारे ७,९२० किलोमीटर भरते. लघुतम मार्गाहून ७०० किलोमीटर अधिक. तत्कालीन विमानांस इंधनासाठी वाटेत उतरणे भागच असल्याने या अधिक अंतराचे वैषम्य कोणास वाटण्याचे कारण नव्हते. आज मध्ये न उतरता हा पल्ला गाठता येतो. म्हणजे यंत्राने मार्ग मोकळा केला. आणि नेमके त्यानंतरच मार्ग बंद होण्याचे महत्त्व वाढले.

प्रत्येक राज्यास आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो करारातील पहिल्याच कलमात नमूद आहे. समुद्रात मुक्त संचाराची जी परंपरा आहे तशी आकाशात नाही. महावृत्ताची रेषा वर दिली आहे. तिच्यावर बोट फिरवीत गेले तर पुढील घटना क्रमाने भेटतात. फेब्रुवारी १९१९ नव्हे तर अगदी अलीकडच्या, २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली व ती १६ जुलै रोजी पुन्हा खुली झाली. २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय विमानकंपन्यांपुरती पुन्हा बंद करण्यात आली आणि मुदत महिन्यामागून महिना वाढविली गेली. भारतानेही त्याच महिन्याच्या अखेरीस तसाच प्रतिबंध केला. इराणमध्ये ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ एक युक्रेनियन प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात काराबाखचे युद्ध पेटले. युक्रेनच्या पूर्व भागावर १७ जुलै २०१४ रोजी मलेशियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले, आणि २४ फेब्रुवारी २०२२ पासून त्या देशाचे सर्व आकाश नागरी विमानांस बंद झाले. लघुतम रेषा भूमितीत अढळ आहे. तिच्यावरून विमान जाऊ शकते असे मात्र नाही.

असे असूनही मुंबईच्या प्रवाशास या सर्वांची झळ अपेक्षेहून कमी लागते, आणि त्याचे कारण पुन्हा भूमितीतच सापडते. कोणत्याही लघुतम मार्गाच्या आसपास लांबी फार मंद गतीने वाढते. समतलावर एका रेषेच्या मध्यापाशी काही अंतर बाजूस सरकून जावयाचे ठरविले, तर वाढणारी लांबी त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ७,२०० किलोमीटरांच्या मार्गावर मध्यापाशी ५०० किलोमीटर बाजूस गेल्यास वाढ केवळ सत्तरएक किलोमीटरांची होते. १,००० किलोमीटर गेल्यास ती चौपट होते. मुंबईहून समुद्रावरून मस्कत, तेथून इस्तंबूल व मग लंडन अशी तीन महावृत्ते जोडली तर एकूण अंतर सुमारे ७,४४० किलोमीटर भरते. पाकिस्तान, कॉकेशस व युक्रेन ही तिन्ही टाळूनही वाढ अवघी २३० किलोमीटरांची, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांची आहे. इराण व इराकही टाळावयाचे ठरवून कैरोवरून गेल्यास अंतर ७,८७५ किलोमीटर होते व पाऊण तास अधिक लागतो. तेवढ्या काळाचे इंधन आधीच भरून न्यावे लागते, आणि ते इंधन वाहून नेण्यास आणखी इंधन लागते, हा खर्च निराळा.

दिल्लीची गोष्ट अगदी वेगळी आहे. महावृत्तावर दिल्लीपासून लंडन सुमारे ६,७३० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून ४८० किलोमीटरांनी जवळ आहे. परंतु दिल्लीच्या पश्चिमेस समुद्र नाही. पाकिस्तानचे आकाश बंद असता भारतीय विमानास प्रथम नैर्ऋत्येस येऊन द्वारकेच्या पश्चिमेकडील समुद्र गाठावा लागतो व तेथून मस्कत, इस्तंबूल असे जावे लागते. उदाहरणादाखल हा मार्ग मोजला असता तो सुमारे ७,९८० किलोमीटरांचा होतो. त्याच अटीखाली मुंबईचा मार्ग ७,४४० चा आहे. जे नगर भूमितीने जवळचे तेच आता ५४० किलोमीटरांनी दूरचे ठरते. दिल्लीचे विमान या रीतीने जवळजवळ मुंबईच्या वाटेवर येऊन मग युरोपकडे वळते. प्रतिबंध भारतीय कंपन्यांपुरता असल्याने परदेशी कंपनीचे विमान मात्र त्याच दिवशी, त्याच दोन नगरांमध्ये, पाकिस्तानावरून थेट जाऊ शकते. एकाच विमानतळाच्या सूचनाफलकावर लंडनच्या दोन विमानांच्या प्रवासकालांत तफावत दिसली तर तिचा उलगडा यंत्रात शोधण्याचे कारण नाही. ती विमान कोणत्या राष्ट्राचे आहे यावर अवलंबून असू शकते.

मस्कत-इस्तंबूल ही रेषासुद्धा इराण व इराक यांवरून जाते हे वर सूचित झालेच आहे. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा या दोन्ही देशांची आकाशे काही तासांच्या आत बंद झाली. त्या दिवशी पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एक विमान वाटेतून माघारी वळले व काही तासांच्या उड्डाणानंतर पुन्हा मुंबईसच उतरले. लंडनहून मुंबईकडे येणारे दुसरे एक विमान व्हिएन्नास उतरविण्यात आले.